तातूचे डोहाळे

पाचवा महिना सरत आला आणि मला तातू खावासा वाटायला लागला.

शेजारच्या झुलेइदेला तिच्या वेळी भिंतीची माती खावीशी वाटली होती. तिनं भिंत खरवडली, खाल्ली, विषय संपला. माझं तसं नव्हतं. मला बिळात राहणारा, पाठीवर खापरं जडवल्यासारखं कवच असलेला तातूच हवा होता. तोही त्याच्याच कवचात निखाऱ्यावर भाजलेला, वरून कसाव्याच्या कंदाचं पीठ भुरभुरवलेला. सकाळी डोळे उघडले की तोच वास. आम्ही झोपतो त्या कापडी झोपाळ्यात पडल्या पडल्या माझ्या तोंडाला पाणी सुटलेलं सासूबाईंनी बघितलं आणि विचारलं, "काय हवंय?"

मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग लगेच काढलाही.

डोहाळे पुरवले नाहीत तर लेकरू तोंड उघडं टाकून जन्मतं आणि जन्मभर लाळ गाळत बसतं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. अडचण दुसरीच होती. माझा नवरा अदाउतो मार्च महिन्यापासून राखीव रानाचा रखवालदार झाला होता. खाकी सदरा, बूट, गळ्यात शिट्टी. जनावर मारणाऱ्याला पकडून देणं हे त्याचं काम. रानात काय नि आमच्या शेतामागं काय, तातू मारणं गुन्हाच.

"आई, मी रखवालदार आहे," तो म्हणाला.

"रखवालदार बाहेर. घरात तू बाप होणार आहेस."

"शिट्टी माझ्याच गळ्यात आहे!"

"मग वाजवू नकोस," सासूबाई म्हणाल्या आणि शेळ्या सोडायला निघून गेल्या.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही निघालो. अदाउतोनं सदरा खुंटीला अडकवला, शिट्टी त्याच्यावर. धाकटा दीर नेको कुदळ घेऊन पुढं, त्याच्या पुढं आमचा कुत्रा फुमासा, आणि मागून मी. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण माझे डोहाळे आणि मी घरी बसायचं?

तीन वर्षं पावसानं नीट तोंड दाखवलं नव्हतं. निवडुंगाच्या रांगेपलीकडली जमीन भाजल्या पिठासारखी झालेली. फुमासानं एका बिळाशी नाक खुपसलं नि शेपटी ताठ केली. नेकोनं कुदळ घातली, अदाउतो फावड्यानं ओढू लागला. खड्डा गुडघाभर झाला, कमरेइतका झाला. वारा नव्हता, त्यामुळं उडालेली धूळ जाईना, आमच्याभोवती उभीच राहिली. अदाउतोच्या पापण्या म्हाताऱ्यासारख्या पांढऱ्या झाल्या. छातीइतका खड्डा झाला तेव्हा नेको ओरडला, "शेपटी!"

शेपटी हातात आली, तातू येईना. तो पाठ फुगवून बिळाला घट्ट बसतो आणि नख्या रोवतो. मग बैल जुंपले तरी हलत नाही. नेको ओढतोय, नेकोला धरून अदाउतो ओढतोय. दोन बाप्ये एका शेपटीला. मला इतकं हसू आलं की पोट धरून खाली बसावं लागलं.

"हसतेस काय? ये की मग तू!" नेको फुरफुरत म्हणाला.

मी उतरले. माझ्या वडिलांनी मला ही विद्या सातव्या वर्षी शिकवली होती. गवताची काडी घ्यायची आणि शेपटीखाली गुदगुल्या करायच्या. तातू कितीही हट्टी असू दे, तेवढं त्याला सोसत नाही. पण त्यासाठी हात आत खोल जायला हवा, आणि नेकोचे हात म्हणजे ओंडके.

"पोट सांभाळ गं," अदाउतो वरून म्हणाला.

मी पोट एका अंगाला घेऊन खड्ड्यात आडवी झाले. डोकं आणि खांदा बिळात घातला. आत गार होतं. जुन्या, कोंडलेल्या मातीचा वास येत होता. काडी लावली. तातू थरथरला, एकदम सैल पडला आणि मागच्या पायांनी ओंजळभर माती थेट माझ्या तोंडावर उडवून माझ्याबरोबरच बाहेर आला. नाकात, घशात, दातांत माती. मी थुंकतेय, खोकतेय, हसतेय. नेको तर हसून हसून खड्ड्यातच लोळला.

दार लावून सासूबाईंनी तो भाजला. मी दोन तंगड्या खाल्ल्या आणि बोटं चाटली. कवच शेळ्यांच्या गोठ्यामागं पुरलं. माझ्या लेकराचं तोंड मिटलं, असं म्हणून सासूबाईंनी देवाला हात जोडले.

*

पंधरा दिवसांनी नेको खोकायला लागला. अदाउतोला दोन दिवस कणकण आली आणि गेली. फुमासा घोगरा झाला. धुळीचे दिवस, कोण लक्ष देतंय?

माझा खोकला मात्र गेला नाही. संध्याकाळी ताप चढे. नडगीवर लाल गाठी उठल्या, हात लावू द्यायच्या नाहीत. डाव्या कुशीवर वळलं की बरगडीत सुरी फिरल्यासारखं व्हायचं.

त्याच आठवड्यात कसावा निघाला होता. आमच्या वस्तीत पिठाची भट्टी एकच, साऱ्यांची मिळून. पुरुष कंद किसतात, दाबतात, कढईत परततात. बायका ढिगाभोवती बसून सोलतात. सोलण्याची आमची रीत अशी, की एकीनं कंद अर्धाच सोलायचा. दुसरीनं तो स्वच्छ अर्धा धरून उरलेला सोलायचा. म्हणजे मातीचा हात सोललेल्याला लागत नाही. झुलेइदे आणि मी लग्न झाल्यापासून जोडीनं सोलायचो. माझा अर्धा, तिचा अर्धा.

त्या दिवशी मी सोलून ठेवलेले अर्धे कंद माझ्यापुढं साचत गेले. झुलेइदे उचलेना. ती दुसऱ्या बाजूला कुणाचे तरी घेत होती. मी खोकले की सुऱ्या क्षणभर थांबायच्या आणि मग जोरात चालायच्या.

"झुलेइदे, झोपलीस काय गं?" मी म्हटलं.

"नाही गं, हात दुखतोय." तिनं वर बघितलं नाही. जरा वेळानं हळूच म्हणाली, "निल्दा, रागवू नकोस. पण हे पीठ सगळ्यांच्या घरी जाणार आहे."

मी उरलेले अर्धे स्वतःच सोलले, मातीच्या हातानं. उठताना झग्याच्या ओच्यात घेतले आणि शेळ्यांना घातले. शेळ्यांनी मात्र काही विचारलं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात पोटावर शिशाचा जड पट्टा बांधून माझ्या छातीचा फोटो काढला. डावीकडे मोठा ढग होता. थुंकीत काही सापडलं नाही, पण असा ढग म्हणजे बहुतेक क्षयच, असं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. सासूबाईंनी माझा झोपाळा घराबाहेर झाडाखाली बांधला.

"हवा चांगली लागते इथं," त्या म्हणाल्या. माझा निळा पत्र्याचा मग वेगळा केला आणि त्याच्या कानाला लाल दोरा बांधला, चुकून कुणी घेऊ नये म्हणून. वाईट मनानं नव्हे. जेवण रोज स्वतः आणून द्यायच्या आणि चार पावलांवर बसून मी संपवेपर्यंत हलायच्या नाहीत. पण चार पावलं म्हणजे चार पावलं. मी त्या दोऱ्याकडे बघत पाणी प्यायची आणि पोटावर हात ठेवून विचारायची, तुझा कुठला रे मग?

तीन आठवडे गोळ्या गिळल्या. ताप तसाच. मग आरोग्यसेविका लिंदाल्वा मोटरसायकलवरून आली. हेल्मेट काढून तिनं वही उघडली आणि सासूबाईंना मानानं 'दोना' म्हणत विचारलं.

"दोना किटेरिया, घरात आणखी कुणी खोकतं?"

"कुणी नाही," सासूबाई ताठ मानेनं म्हणाल्या.

तेवढ्यात भिंतीमागं नेकोला ढास लागली. ती थांबते न थांबते तोच फुमासा खोकला.

"नेको विड्या ओढतो," सासूबाई म्हणाल्या.

"आणि कुत्रा?"

"तो नेकोपाशीच बसतो."

लिंदाल्वा हसली नाही. "या भागात असं पूर्वी झालंय, म्हणून विचारते. कुणी बीळ उकरलंय का? तातूमागं गेलं होतं कुणी?"

सासूबाई आत गेल्या, भिंतीवरची संत फ्रान्सिसची तसबीर काढून आणली आणि तिच्यावर हात ठेवला. "माझा मुलगा रखवालदार आहे. या घरात तातू कसा दिसतो ते कुणाला माहीत नाही."

अदाउतो दारात उभा होता. त्याचा हात शिट्टीवर होता. मी झोपाळ्यात डोळे मिटून घेतले. मी तरी कुठं बोलले? नोकरी गेली तर बाळाला काय घालायचं, हाच विचार तिघांच्या डोक्यात. बाळच राहिलं नाही तर, हा कुणाच्याच नाही.

*

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मला एक वाक्य एका दमात पुरं करता येईना. बाळ आदल्या दिवसापासून कमी हलत होतं. लिंदाल्वानं माझे ओठ बघितले आणि तिथूनच रुग्णवाहिका बोलावली. बरोबर एकच बाईमाणूस चालेल म्हणाले. सासूबाई डोक्याला रुमाल बांधून चढल्या. तेरेसिना शहरातल्या मोठ्या दवाखान्यापर्यंत सहा तास. चार पावलं लांब बसायला त्या गाडीत जागाच नव्हती. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

तिथल्या डॉक्टर ताइसा म्हणजे एवढीशी मुलगी, चष्मा मोठा. तिनं आधी माझी छाती ऐकली, मग पोटाला यंत्र लावलं. बाळाचं काळीज गाढवाच्या दुडक्या चालीसारखं वाजू लागलं. सासूबाईंनी खुर्ची घट्ट धरली.

"बाळ ठीक आहे. आता तरी," डॉक्टर म्हणाल्या. "दोना निल्दा, हा क्षय वाटत नाही मला. आणखी दोनतीन गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचं औषध वेगळं. सगळी मिळून देता येत नाहीत, पोटात बाळ आहे. काय शोधायचं ते कळलं तर संध्याकाळपर्यंत शोधता येईल. नाही कळलं तर दिवस जातील, आणि तेवढे दिवस तुमच्याजवळ नाहीत. गुहेत गेलात? वटवाघळं, कोंबड्यांची खुराडी? जमीन उकरलीत कुठं?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी खिडकीकडे. मी सांगायला तोंड उघडलं आणि खोकल्यानं मला पुरतं धरलं. यंत्रातली दुडकी चाल एकदम वेगात धावायला लागली.

सासूबाई उठल्या. रुमाल सोडून पुन्हा बांधला, चर्चमध्ये उभं राहताना बांधतात तसा.

"लिहा," त्या म्हणाल्या. "तातू."

डॉक्टरांनी पेन उचललं.

"ऑगस्टमधला रविवार. निवडुंगापलीकडचं बीळ. छातीइतका खड्डा खणला, धूळ बसायला तयार नव्हती. तातू अडकून बसला, तेव्हा हिनं आत डोकं घातलं आणि काडीनं त्याला शेपटीखाली गुदगुल्या केल्या."

पेन थांबलं. "गुदगुल्या?"

"तिच्या बापाची विद्या. त्यानं हिच्या तोंडावर माती उडवली. मग मी तो भाजला. चांगला झाला होता." शेजारच्या खाटेचा पडदा हळूच बाजूला झाला, पण सासूबाईंना आता कुणाची पर्वा नव्हती. "आणि कुणी खणला तेही लिहा. मी. किटेरिया, वय चौसष्ट. कुदळ मीच मारली. माझ्या मुलाचं नाव त्यात नाही. संताच्या तसबिरीवर हात ठेवून मी खोटं बोलले, ते माझं मी त्यांच्याशी बघून घेईन."

डॉक्टर ताइसांनी चष्मा काढून पुसला. त्यांचे खांदे हलत होते. "दोना किटेरिया, मी फुप्फुसं तपासते. रान नाही. तुमच्याकडे कुत्रा होता का बरोबर?"

"फुमासा."

"खोकतो?"

सासूबाईंनी एक मोठा श्वास सोडला. "नेकोच्या विडीनं नव्हे."

संध्याकाळी सूक्ष्मदर्शकात सापडलं. बुरशी. सुकलेल्या जमिनीत राहते, तातूच्या बिळात तर तिचं घरच असतं. उकरलं की उडते आणि श्वासातून आत जाते. धडधाकट माणूस खोकून मोकळा होतो. पण पोटुशी बाईला ती सोडत नाही, आणि क्षयाच्या गोळ्यांना भीक घालत नाही. डॉक्टरांनी चित्र दाखवलं. गोल गोल पिशव्या, पोटात पिल्लं गच्च भरलेल्या.

"म्हणजे तीही गरोदरच की," सासूबाई म्हणाल्या.

"हो. पण तिचे डोहाळे आपण पुरवायचे नाहीत."

"आणि आमच्या बाळाला? त्याच्या छातीत गेली असेल?"

"सहसा तिथपर्यंत पोचत नाही. जन्मल्यावर ऐकू."

त्या 'सहसा'वर आम्ही दोघी पुढचे दोन महिने जगलो.

"आणि एक," डॉक्टर दाराशी थांबून म्हणाल्या. "माणसाकडून माणसाला ही लागत नाही. कधीच नाही. फक्त मातीतून."

सासूबाई माझ्या खाटेशी आल्या. माझ्या उशाशी मी अर्धा प्यायलेला पाण्याचा पेला होता. त्यांनी तो उचलला, तोंडाला लावला आणि तळापर्यंत रिकामा केला. मग तोंड पुसून म्हणाल्या, "किती कोमट पाणी देतात गं इथं."

*

औषध पिवळं होतं आणि शिरेतून तासन्‌तास थेंबथेंब चढायचं. ते चढलं की हुडहुडी भरायची. दात वाजायचे, खाट वाजायची. पहिल्या दिवशी नर्सनं दोन कांबळी टाकली. सासूबाईंनी चपला काढल्या आणि स्वतःच माझ्या पायांवर आडव्या झाल्या.

"अहो, असं चालत नाही इथं," नर्स म्हणाली.

"मग तुम्ही पडा. जड कोण आहे बघू."

नर्स बारकी होती. ती गेली. त्या दिवसापासून औषध चढायला लागलं की सासूबाई पायांवर. हुडहुडीत मला त्यांचं घोरणं ऐकू यायचं. रक्तातलं काहीतरी कमी होतं म्हणून रोज केळी खा म्हणाले. सासूबाई तीन आणायच्या, दोन मला, एक "बाळाच्या वाटची" स्वतःला. आठव्या दिवशी ताप उतरला. दहाव्या दिवशी बाळानं सासूबाईंच्या कानाखाली लाथ मारली. त्या पोटाला कान लावून त्याला रागावत होत्या.

अदाउतो बसनं आला तेव्हा त्याच्या गळ्यात शिट्टी नव्हती. मी खाटेवर उठून बसले.

"गेली नोकरी?"

तो खाटेच्या काठावर बसला. "आई तुझ्यासाठी चौसष्टाव्या वर्षी कुदळ मारते, आणि मी सदरा घालून हिंडू? गेलो साहेबांकडे. जेनेझियोसाहेबांच्या टेबलावर शिट्टी ठेवली आणि सांगितलं. तातू, बीळ, नेकोचा खोकला, त्याला मिळालेल्या गोळ्या, सगळं."

"मग?"

"ते लाल झाले. मला वाटलं, आता ओरडणार. तर खोकायला लागले. थांबेचनात. मी पाणी दिलं. प्याले आणि म्हणाले, नेकोला कुठल्या गोळ्या दिल्या म्हणालास?"

सासूबाईंनी तोंडावर रुमाल दाबला. मला हसताना अजून बरगडी दुखायची, तरी हसले.

"आता दोन महिने शिट्टी नाही, आग पसरू नये म्हणून रानातले पट्टे साफ करायचे, ही शिक्षा," अदाउतो म्हणाला. "तोंडाला फडकं बांधून. मग परत देतो म्हणालेत. आणि वस्तीवस्तीत जाऊन बिळांबद्दल मीच सांगायचं. काल झुलेइदेच्या दारात सांगितलं. ती रडायला लागली. तुला निरोप आहे, तुझी जागा तिनं कुणाला दिलेली नाही."

तिच्याशी मी पुढं बऱ्याच दिवसांनी बोलले.

*

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दिवस भरून, तेरेसिनाच्या त्याच दवाखान्यात दुपारी जेवणाची ताटं वाजत असताना मुलगी झाली. रडली, पण कमी. एकदाच, हिशेबापुरतं. मग डोळे विस्फारून गप्प. ते गप्प राहणं मला सोसवेना. मी विचारलं, "श्वास घेतेय ना?" कुणीतरी हो म्हणालं. माझा विश्वास बसेना.

डॉक्टर ताइसा वरच्या मजल्यावरून धावत आल्या. त्यांनी नळी कानाला लावली, चकती हातात चोळून गरम केली आणि लेकीच्या छातीवर ठेवली. छाती केवढी, तर त्या चकतीएवढीच. डावीकडे ऐकलं. उजवीकडे ऐकलं. उलटी करून पाठ ऐकली. अदाउतो भिंतीला टेकून उभा होता आणि स्वतः श्वास घ्यायला विसरला होता.

"स्वच्छ," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्हीकडे. रक्तही तपासू, पण मला काही ऐकू येत नाही."

"काही ऐकू येत नाही म्हणजे?" सासूबाई दचकल्या.

"म्हणजे वाईट काही नाही. नुसता वारा जातोय येतोय. घ्या, तुम्हीच ऐका."

सासूबाईंनी रुमाल मागं सारला. डॉक्टरांनी नळ्या त्यांच्या कानात नीट बसवल्या. त्यांनी माझ्या कुशीतल्या लेकीवर वाकून चकती दोन बोटांनी धरली, अंडं धरावं तशी. त्यांचा चेहरा आधी नुसता रागीट झाला, सुईत दोरा ओवताना होतो तसा. मग भुवया वर गेल्या. मग सगळा चेहराच सैल पडला आणि तोंड उघडं राहिलं.

डॉक्टरांनी नळी परत मागितली. एकदा, दोनदा. नर्स जेवणाचं ताट घेऊन आली, उभी राहिली, परत गेली.

"दोना किटेरिया," मी म्हटलं, "द्या की आता. मलाही ऐकायचंय."

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"थांब गं," त्या कुजबुजल्या. "अजून घेतेय. हा बघ, आणखी एक घेतला."